विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी मदत हवी: माणसांच्या बाजूने उभे राहिलेले शास्त्रज्ञ, आणि त्यांना मिळणारा पुरस्कार

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. मी सटाण्याच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक गेली नऊ वर्षं माझ्याच गळ्यात आहे. रामन, कलाम, कल्पना चावला, नारळीकर सर. कपाटात त्यांचे लॅमिनेट केलेले फोटो आहेत, ते दरवर्षी काढायचे, धूळ पुसायची, नवीन घोटीव कागदावर चिकटवायचे. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कलामांचा कोपरा उंदराने खाल्लाय." तेवढाच काय तो बदल.

यंदा बारावीला अणूचं प्रकरण चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "मॅडम, ज्यांनी हायड्रोजन बॉम्ब बनवला त्यांना नंतर काही वाटलं का?" तासाची घंटा झाली आणि मी सुटले. पण घरी भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. रात्री वाचायला बसले तर आंद्रेई सखारोव्ह सापडले. सोव्हिएत रशियाच्या हायड्रोजन बॉम्बमागचं डोकं, आणि पुढे त्याच सरकारने त्यांना गॉर्की शहरात जवळजवळ सात वर्षं स्थानबद्ध ठेवलं. १९७५ चं शांततेचं नोबेल घ्यायलाही जाऊ दिलं नाही, पत्नी येलेना बॉनर यांनी ऑस्लोला जाऊन ते घेतलं.

इथवर ठीक. पण त्यांच्या नावाचा पुरस्कार शोधायला गेले तर गोंधळच. एका यादीत नेल्सन मंडेला, दुसऱ्या यादीत कुणी इराणी पीएचडीचा विद्यार्थी. एक पुरस्कार आहे की दोन?

दुसरं म्हणजे, प्राचार्यांना कल्पना सांगितली तर ते म्हणाले, "मॅडम, विज्ञान दिन आहे. राजकारण नको." रागाने नाही, चहा पिता पिता म्हणाले. आणि खरं सांगू का, त्यांना काय उत्तर द्यावं ते मलाही सुचलं नाही. मानवी हक्कांचं काम चांगलंच, पण त्यात विज्ञान कुठे? भल्या माणसाला पुरस्कार दिला आणि तो योगायोगाने फिजिक्सवाला निघाला, असं तर नाही ना?

तिसरं, या यादीत आपल्याकडचं कुणी आहे का? मुलांना लांबचे फोटो बघून काही वाटत नाही.

---

मध्यरात्रीचा वाचक

दोन आहेत, आणि गोंधळ सगळ्यांचाच होतो.

युरोपियन संसदेचा सखारोव्ह पुरस्कार १९८८ पासून दिला जातो. पहिल्या वर्षी मंडेला आणि अनातोली मार्चेन्को. तो विचारस्वातंत्र्यासाठी आहे, मिळवणारा शास्त्रज्ञ असावा अशी काही अट नाही. तुम्हाला हवाय तो दुसरा. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा, २००६ पासून, वर्षाआड. तो मानवी हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांसाठीच आहे.

पहिला मिळाला युरी ऑर्लोव्ह यांना. हे कण त्वरकांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये मॉस्कोत हेलसिंकी गट काढला. सोव्हिएत सरकारने मानवी हक्कांच्या करारावर सही केली होती ना, मग ते पाळतं का हे तपासायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच त्या गटाचं काम. पुढच्याच वर्षी अटक. सात वर्षं श्रमछावणी, वर हद्दपारी. १९८६ मध्ये अमेरिकेला पाठवून दिलं, मग कॉर्नेल विद्यापीठात शिकवत राहिले.

तुमचा इराणी विद्यार्थी म्हणजे ओमिद कोकबी, २०१४ चा मानकरी. टेक्सासमध्ये लेझरवर पीएचडी करत होता. सुट्टीत घरच्यांना भेटायला गेला, परतताना २०११ च्या जानेवारीत तेहरान विमानतळावर धरला. दहा वर्षांची शिक्षा. त्याचं म्हणणं असं की लष्करी संशोधनात काम कर म्हणून मागे लागले होते आणि मी नाही म्हणालो. तुरुंगात मूत्रपिंडाचा कर्करोग झाला, २०१६ मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागलं, त्यानंतर सुटका.

प्राचार्यांना ही गोष्ट सांगून बघा. "मी हे यंत्र बनवणार नाही" असं म्हणणं हा विज्ञानातला निर्णय की राजकारणातला?

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी २०१८ चं वर्ष बघा. त्या वर्षी दोघांना मिळाला. नर्गिस मोहम्मदी आणि रवी कुचिमंची. दुसऱ्या नावाबद्दल इथे कुणीतरी खानदेशातलं लिहील अशी आशा आहे.

---

जुना वायरमन

खानदेशातला हजर आहे.

मॅडम, मी शास्त्रज्ञ नाही. आयटीआयला वायरमन ट्रेडचा निदेशक होतो, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझी अर्धी नोकरी नंदुरबार जिल्ह्यात गेली. वर्गात पोरं यायची ती अक्कलकुवा, धडगावकडची, बहुतेक पावरा आणि भिल्ल. त्यांना मी स्विचबोर्ड जोडायला शिकवायचो, अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यायचा ते शिकवायचो, आणि त्यातल्या कित्येकांच्या गावात विजेचा खांबच नव्हता. एकदा एकाला म्हणालो, घरी सराव कर रे. तो नुसता हसला. त्या हसण्याने मला जे शिकवलं ते बीएडवाल्यांनी शिकवलं नाही.

२००३ च्या सुरुवातीला कळलं की बिलगावला पाण्यावर वीज केलीय. धडगाव तालुक्यातलं गाव, उदाई नदीच्या काठी, तिथे धबधबा आहे. कुणी केली? खात्याने नाही, कंपनीने नाही. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनियर, नर्मदा बचाओ आंदोलनाची माणसं, 'एड' नावाची परदेशातल्या भारतीय पोरांची संस्था, आणि गावकऱ्यांचं श्रमदान. म्हटलं हे बघायलाच पाहिजे. अकरा पोरं घेतली आणि निघालो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, पुढे जीपमध्ये कोंबून. दोन पोरं टपावर. घाटात एकाने माझ्या शबनम पिशवीत उलटी केली, तिच्यात माझा मल्टिमीटर होता. तो मल्टिमीटर पुढे रिटायर होईपर्यंत वापरला, वास काही गेला नाही.

प्रकल्प म्हणजे काय, तर तुमच्या बारावीच्या पुस्तकातलं स्थितिज ऊर्जेचं गणित. वर पाणी अडवायचं, पाटाने वळवायचं, पाइपातून खाली सोडायचं, खाली टर्बाइन, त्याला जनित्र. १५ किलोवॅट. ऐकायला काहीच नाही. शहरातल्या एका बऱ्यापैकी मंगल कार्यालयाचा भार याहून जास्त असतो. पण शंभर वॅटचे दीडशे दिवे होतात की! आणि ज्या घरात चिमणी आणि चूल सोडून उजेड नाही, तिथे शंभर कशाला, चाळीसचा दिवाही उत्सवासारखा.

यंत्राच्या खोलीत जनित्राचा आवाज इतका की ओरडून बोलावं लागत होतं. मी पोरांना हातवारे करून दाखवतोय, हा पाइप, ही झडप. तेवढ्यात आमच्यातला एक पावरा पोरगा बाहेर जाऊन गावातल्या एका म्हाताऱ्या बाबाशी पावरीत बोलत बसला. चांगला अर्धा तास. परत आल्यावर प्रॅक्टिकलच्या वहीत त्याने तक्ता काढला. यंत्राचे नाव, क्षमता, उपयोग. आणि खाली स्वतःच एक ओळ वाढवून लिहिलं: "मालक: गाव." मी लाल पेनाने शेरा मारला, "हा रकाना नमुन्यात नाही." काय सांगू भो, आयुष्यात जे शेरे खोडावेसे वाटतात त्यातला हा एक नंबरचा.

पुढे काय झालं ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. २००६ च्या मार्चमध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, पाणी बिलगावपर्यंत चढलं आणि यंत्रघर बुडालं. साडेतीन वर्षं दिवे लागले. मोठ्या विजेच्या धरणाने छोटी वीज गिळली. कोण बरोबर, कोण चूक यावर इथे भांडण लावायचं नाही, धरणाचं पाणी गुजरातच्या शेतात आणि माठात गेलंय हेही खरं आहे. पण वायरमन म्हणून एक चालू जोडणी पाण्याखाली गेलेली माझ्या जिवाला लागली.

आता रवी कुचिमंची. मी त्यांना भेटलेलो नाही, उगाच ओळख सांगत नाही. मुंबई आयआयटीतून सिव्हिल इंजिनियर, मग अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात मूलकणांच्या भौतिकीत पीएचडी. तिथे विद्यार्थी असतानाच १९९१ मध्ये 'एड' काढली. बिलगावच्या कामात ते होते. शाहरुख खान नासा सोडून गावात पाण्यावर वीज करतो तो सिनेमा आठवतो ना, तो याच मंडळींवरून सुचला असं आमच्याकडे सर्रास सांगतात. सिनेमातलं गाव मात्र वाईजवळचं, मेणवलीचं. आमच्या सातपुड्याच्या वाट्याला तिथेही कुणी आलं नाही.

२०१८ ला त्यांना हा सखारोव्ह पुरस्कार मिळाला तेव्हा माझा भाचा पुण्यात एमएस्सी करत होता. त्याने मला एक गोष्ट सांगितली जी मॅडम, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. हा माणूस गावोगाव फिरता फिरता फिजिक्सही करतच राहिला. १९९६ मध्ये एकट्याच्या नावावर निबंध आहे, तोही फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये. विषय काय, तर न्यूट्रॉनला एक धन टोक आणि एक ऋण टोक असायला हवं असं सिद्धांत म्हणतो, लोक मोजून मोजून थकले तरी ते सापडत नाही, मग का सापडत नाही? पुरस्कार देताना सोसायटीने जे म्हटलं त्यात पहिलीच गोष्ट ही होती की संशोधन चालू ठेवून हे केलं. म्हणजे फिजिक्स सोडून समाजसेवा नाही. दोन्ही एकाच हाताने.

दुसरं अर्धं उत्तर मला नीट मांडता येत नाही. विचार करून लिहितो.

---

उलटतपासणी

वायरमन काका, लिहिलंय छान. पण मला एक शंका आहे. पुरस्कार देणारी संस्था अमेरिकन. मानकरी बघा: रशियन, चिनी, इराणी. म्हणजे अमेरिकेचे जे जे शत्रू, त्यांच्याकडचे बंडखोर. आपल्या घरात सगळं आलबेल? प्राचार्य "राजकारण नको" म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही.

---

मध्यरात्रीचा वाचक

@उलटतपासणी, शंका रास्त. मलाही होती. पण २०२० ची नावं बघा.

एक आयशे एर्झान, इस्तंबूलच्या. तुर्कस्तान नाटोत आहे, अमेरिकेचा दोस्त. दुसरे शी शियाओशिंग, फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले प्राध्यापक, अमेरिकन नागरिक. २०१५ च्या मे महिन्यात पहाटे एफबीआयची माणसं त्यांच्या घरात बंदुका रोखून घुसली. बायको-मुलींसमोर बेड्या. आरोप काय, तर 'पॉकेट हीटर' नावाच्या अतिवाहक पातळ थरांच्या उपकरणाचे आराखडे ईमेलने चीनला पाठवले. चार महिन्यांनी खटला मागे घेतला. का? तर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ते आराखडे बघून सांगितलं की अहो, हा पॉकेट हीटर नाहीच! हे वेगळंच यंत्र आहे. ज्यांनी अटक केली त्यांना आकृती वाचता आली नव्हती.

म्हणजे अमेरिकन सोसायटीने अमेरिकन सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला पुरस्कार दिला. आणि त्या माणसाला सोडवलं कशाने, तर आकृती बरोबर वाचता येणाऱ्या लोकांनी. प्रयोगवही मॅडम, "यात विज्ञान कुठे" याचं हेही एक उत्तर घ्या.

---

मल्लेश्वरमकर

बंगळूरहून +१.

"आपल्याकडचं कुणी" असं विचारलंय म्हणून एक नाव सांगते. माणूस आपल्याकडचा नाही, पण पीएचडी आपल्याकडची. मुलुगेता बेकेले, इथिओपियाचे, २०१२ चे मानकरी. अदिस अबाबा विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे. दर्ग नावाच्या लष्करी राजवटीने त्यांना वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. तिथे ते काय करत होते? सोबतच्या कैद्यांना शिकवत होते.

सुटल्यावर पुढच्या शिक्षणासाठी आले ते इथे, भारतीय विज्ञान संस्थेत. तोवर वयाची चाळिशी उलटलेली. अनंतकृष्ण यांच्याबरोबर त्यांनी ज्या विषयावर काम केलं तो मला फार आवडतो, कारण मी स्वतः धातुशास्त्राची. काही मिश्रधातू हळूहळू ताणले तर ते सरळ ताणले जात नाहीत, झटक्याझटक्याने सरकतात. ताण चढतो, चढतो, मग एकदम सुटतो, परत चढतो. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. आम्ही एमटेकला असताना यंत्रावर ॲल्युमिनियमची पट्टी लावून तासन् तास ती करवत बघत बसायचो आणि तो आवाज ऐकायचो, बारीक टिक्‌ टिक्‌.

पीएचडी करून ते परदेशी नोकरी शोधत बसले नाहीत, अदिस अबाबाला परत गेले आणि पुन्हा शिकवायला लागले. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी हार्वर्डचे रिचर्ड विल्सन यांनाही पुरस्कार होता. विल्सन म्हणजे बांगलादेशातल्या ट्यूबवेलच्या पाण्यातल्या आर्सेनिकबद्दल ओरडून सांगणाऱ्यांपैकी एक. हेही मुलांना सांगा, बोअरवेलचं पाणी पिणाऱ्या गावात ते लगेच कळेल.

अवांतर: नर्गिस मोहम्मदींबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. त्या फिजिक्स शिकल्या, इंजिनियर म्हणून नोकरी केली. कुचिमंचींबरोबर त्यांना हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तेहरानच्या एव्हिन तुरुंगात होत्या. त्यांच्या मानपत्रात स्पष्ट म्हटलंय की छळामुळे त्यांना विज्ञानाचं काम थांबवावं लागलं. एकाच वर्षीचे दोन मानकरी: एकाने दोन्ही चालू ठेवलं म्हणून कौतुक, दुसरीला एक सोडावं लागलं म्हणून सलाम. २०२३ ला नोबेल मिळालं तेव्हाही त्या तुरुंगातच, ऑस्लोला त्यांची जुळी मुलं गेली. सखारोव्हच्या वेळी बायको गेली होती. तुमच्या भित्तिपत्रकावर हे दोन फोटो शेजारी शेजारी लावा. खाली काही लिहू नका.

---

प्रयोगवही

किती लिहिलंत सगळ्यांनी! स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. मल्टिमीटरवर सगळे हसले, लाल शेऱ्यावर कुणी हसलं नाही.

पण एक अडचण आहेच. ही सगळी माणसं सोसणारी. तुरुंग, बेड्या, आजार. मुलं बघतील, "बापरे" म्हणतील आणि पुढच्या फोटोकडे सरकतील. आणि त्या मुलीचा प्रश्न वेगळा होता. "त्यांना काही वाटलं का?" वाटलं, हे मी तिला सांगू शकते. पण *कसं* वाटलं, कधी वाटायला लागलं? मोठा वैज्ञानिक एका सकाळी उठला आणि सज्जन झाला, असं सांगितलं तर तिला पटणार नाही. मलाही नाही पटत.

---

मध्यरात्रीचा वाचक

सज्जन नाही झाले. त्यांनी हिशोब केला.

१९५८ मध्ये सखारोव्ह यांनी एक निबंध लिहिला, अणुस्फोटातून निघणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवर. तुमच्या पुस्तकातलाच कार्बन १४, अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षं. हवेत बॉम्ब फोडला की न्यूट्रॉन सुटतात, हवेतल्या नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन १४ तयार होतो. तो झाडात जातो, धान्यात जातो, आपल्यात येतो. एकेका माणसाला होणारा धोका इतका बारीक की कुणाच्या नजरेस येणार नाही. पण माणसं किती? सगळी पृथ्वी. वर्षं किती? हजारो. बारीक गुणिले प्रचंड. त्यांचं उत्तर आलं: हवेत फोडलेल्या दर मेगाटनामागे एकंदर दहा हजार बळी. त्यातले कितीतरी अजून जन्मायचे आहेत.

आता पुढचं गणित मुलांना द्या. १९६१ च्या ३० ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब फोडला, सुमारे ५० मेगाटन. तो ज्यांनी बनवला त्यांच्यात सखारोव्ह होते. म्हणजे त्यांच्याच आकड्याने पाच लाख. स्वतःच्या अक्षरातला आकडा, स्वतःच्या हातातलं काम.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोन प्रयोगशाळांनी बनवलेल्या जवळजवळ सारख्याच बॉम्बच्या दोन चाचण्या ठरल्या होत्या. सखारोव्ह म्हणाले, एक पुरे, दुसरीची तांत्रिकदृष्ट्या काहीच गरज नाही, उगाच माणसं मरतील. वरपर्यंत गेले, ख्रुश्चेव्हना फोन केला. उपयोग झाला नाही. चाचणी झाली. त्यांनीच पुढे आठवणींत लिहिलंय की त्या दिवशी ते टेबलावर डोकं ठेवून रडले.

हे झालं "कधी वाटलं" याचं उत्तर. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार झाला, त्याच्या मागेही ते लागले होते. बाकीचं सगळं, विचारस्वातंत्र्य आणि शांततेवरचा १९६८ चा निबंध, नोबेल, गॉर्की, त्यानंतरचं.

---

जुना वायरमन

मघाशी मला जे दुसरं अर्धं उत्तर मांडता येत नव्हतं ते वाचकसाहेबांनी मांडलं. हिशोब.

मी पोरांना एक गोष्ट घोकून घ्यायचो. तारेवर किती भार आहे ते मोजल्यावर "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तुमचं उरत नाही. मोजायच्या आधी आग लागली तर ती दुर्घटना, मोजल्यावर लागली तर ती तुमची. सखारोव्हांनी मोजलं. त्या फिलाडेल्फियाच्या प्राध्यापकाची आकृती दुसऱ्यांनी वाचली. कोकबीला माहीत होतं त्याचं लेझर कुठे वापरलं जाईल. आणि बिलगावला कुणीतरी आधी जाऊन पाणी किती लिटर येतं, किती उंचीवरून पडतं हे मोजलं असणार, त्याशिवाय १५ किलोवॅट येत नाही. चौघांच्या हातात माप होतं. ज्याच्या हातात माप नाही त्याला लोक "तुम्ही भावनेवर बोलता" म्हणतात. आम्हाला खात्यात म्हणायचे.

म्हणून मॅडम, फोटो लावा, पण त्याच्या आधी पोरांकडून गणित करून घ्या. मी सोडवून देतो. समजा दहा मीटर उंची आहे. यंत्राची कार्यक्षमता साठ टक्के धरा. १५ किलोवॅट हवेत. पाणी सेकंदाला किती लागेल? १५,००० भागिले (९.८१ गुणिले १० गुणिले ०.६). उत्तर साधारण २५५ लिटर. म्हणजे दर सेकंदाला पंधरा लिटरच्या सतरा बादल्या. हे बिलगावचे आकडे नव्हेत, समजण्यासाठी आहेत. पण एकदा सतरा बादल्या डोळ्यासमोर आल्या की पोरगं नदीकडे वेगळं बघायला लागतं.

प्राचार्यांना सांगा, बारावीच्या अभ्यासक्रमातलं उदाहरण सोडवतोय. खोटं नाही ते.

---

उलटतपासणी

शी शियाओशिंग यांचं वाचलं. शंका मागे घेतो. अर्धी. अर्धी ठेवतो, माझ्या नावाला जागायला नको का.

---

प्रयोगवही

आज त्या मुलीला फळ्यापाशी उभं केलं आणि सखारोव्हांचं गुणाकाराचं गणित घातलं. नाव सांगितलं नाही, नुसतं "एका शास्त्रज्ञाने दर मेगाटनाला १०,००० असा आकडा काढला, ५० मेगाटनाचे किती" असं. तिने पटकन ५,००,००० लिहिलं. मग विचारलं, "हा आकडा ज्याने काढला आणि हा बॉम्ब ज्याने बनवला, ते वेगळे होते ना मॅडम?" मी म्हणाले, नाही. ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच खाली एकक लिहिलं. आधी विसरली होती. "माणसे."

प्राचार्य म्हणाले, गणित असेल तर लावा. फोटो चार ठरले: सखारोव्ह, बेकेले, मोहम्मदी, कुचिमंची. उंदराने खाल्लेले कलामही राहतील, त्यांना काढलं तर गावात बोभाटा होईल. "मालक: गाव" हा रकाना आम्ही आमच्या तक्त्यात घेतलाय, वायरमन काका, तुमची हरकत नसेल तर.

एक विचारायचं होतं. सतरा बादल्यांचं काही छोटं प्रात्यक्षिक करता येईल का? आमच्याकडे प्रयोगशाळेत एक गॅल्व्हानोमीटर आहे, तोही सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं दाखवतो.

---

जुना वायरमन

हरकत कसली. तो पोरगा आता धडगावलाच मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्याला फोन करून सांगतो. शेराही मागे घेतो म्हणून सांगतो, वीस वर्षं होऊन गेली तरी.

प्रात्यक्षिक होईल. माझी लेक देवळ्याला दिलीय, २७ ला तिकडे येतोच आहे, तिथून तुमचं गाव काही लांब नाही. सायकलचा जुना डायनामो आहे माझ्याकडे, त्याला प्लास्टिकच्या चमच्यांचं चाक बसवलंय, निवृत्तीनंतरचा उद्योग. वरच्या मजल्यावरून पाणी सोडलं की एलईडी लागतो. तुम्ही फक्त एवढं करा: अर्ध्या इंची नळी आठ मीटर, वर ठेवायला एक ड्रम, आणि खाली टाकी नसली तर दोन घमेली. गॅल्व्हानोमीटर राहू द्या कपाटात. मल्टिमीटर मी आणतो. वास येतो, पण काटा बरोबर दाखवतो.

आणि पोरांना सांगा, त्या दिवशी इस्त्रीचे गणवेश घालू नका. चमच्याचं चाक पाणी उडवतं.